तिसऱ्यांदा वाचलेली ओळ

सोमवार, १

आज पहिल्यांदा समुद्र वाचला. म्हणजे समुद्राच्या हवामानाचा अंदाज रेडिओवर वाचला, पण घरी येताना मनात हेच वाक्य आलं आणि मला ते आवडलं, म्हणून तसंच लिहून ठेवते.

इतकी वर्षं बस स्थानकावर गाड्या पुकारल्या. तिथे काही चुकलं की माणसं खिडकीशी येऊन भांडायची, मीही भांडायचे, प्रकरण तिथल्या तिथे मिटायचं. इथे भांडायला समोर कोणीच नाही. ऐकणारे सगळे बोटींवर, नाहीतर धक्क्यावर. बंदर कार्यालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर कपाटाला खोली म्हणावं एवढीशी जागा आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. एक टेबल, एक माइक आणि काचेपलीकडे साहेबांची खुर्ची. माइक सुरू केला की पंखा बंद करायचा, कारण त्याची घरघर बोटींवर वाऱ्यासारखी ऐकू येते. हवा अशी दमट की कागद हातात ओल्या फडक्यासारखा लोंबतो.

साहेबांनी नियम सांगितले. प्रत्येक ओळ दोनदा वाचायची, सावकाश. पहिल्यांदा ऐकायला, दुसऱ्यांदा टिपून घ्यायला. पदरचं एक अक्षर घालायचं नाही. आणि कागदावर नसलेलं घरी जाऊन सांगायचं नाही.

"तुमचे यजमान बोटीवर आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय," ते म्हणाले. "एका बोटीला कळलं आणि दुसरीला नाही, असं झालं तर धक्क्यावर डोकी फुटतील."

मी एकही शब्द न अडखळता वाचलं. उत्तर क्षेत्र, मध्य क्षेत्र, दक्षिण क्षेत्र. वारा कुठून, वेग किती, लाटा किती, समुद्र कसा. अर्थ विचाराल तर सगळं डोक्यावरून गेलं. ईशान्य वारा म्हणजे ईशान्येला जाणारा नव्हे, ईशान्येकडून येणारा, एवढं एक आज शिकले.

तरंगतच घरी आले. ह्यांनी धक्क्यावर बसून ऐकलं होतं. "छान वाचलंस," म्हणाले आणि इंजिनाचा कुठलासा वायसर घासत बसले. सासूबाई म्हणाल्या, "बाई वाचायच्या तेव्हा कळायचं."

बाई म्हणजे माझ्या आधीच्या. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, म्हणून ती जागा मला मिळाली.

"काय कळायचं?" मी विचारलं.

"कळायचं," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. माझ्या आनंदावर पाणी टाकायची ही त्यांची जुनी सवय आहे.

बुधवार, ३

खालच्या मजल्यावर अंदाज तयार करणारे गृहस्थ बसतात. सगळे त्यांना 'कदाचित' म्हणतात, अगदी साहेबसुद्धा, कारण त्या शब्दाशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. चहा घेणार का विचारलं तरी "कदाचित". रोज संध्याकाळी ते स्वतः कागद घेऊन धापा टाकत वर येतात.

आज मी धीर करून विचारलं, "लाटा दोन मीटर म्हणजे सगळ्यात मोठी लाट दोन मीटरची ना?"

ते दचकले. "छे छे! ती मोठ्या लाटांची सरासरी. त्यात एखादी चार मीटरचीही येते. कदाचित."

"मग तसं लिहा ना."

"तेवढी जागा नाही हो," म्हणत त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. खरंच, सगळ्या छापील चौकटी. प्रत्येकीत एक आकडा मावेल एवढीच जागा.

"आणि तुमची स्वतःचीच खात्री नसेल, तर ते कुठे लिहिता?"

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती, पण मागची बाजू मी वाचत नाही. "कुठेच नाही," ते म्हणाले, आणि या वेळी कदाचित म्हणाले नाहीत.

दुपारी वाचते ते पाण्यावरच्या बोटींसाठी, आणि संध्याकाळी वाचते त्यावर सकाळी बोटी निघतात. ह्यांची बोटही निघते. हे इंजिनावर असतात, म्हणजे बोटीच्या पोटात. वर काय चाललंय ते ह्यांना सगळ्यात शेवटी कळतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट आज जिना उतरताना पहिल्यांदा मनात आली आणि कशीशीच वाटली. मी गाडी चुकीच्या फलाटावर पुकारली तर माणूस धावत दुसरीकडे जायचा. पाण्यावर कुठे धावणार?

शनिवार, ६

आज नाक कापलं गेलं. मध्य क्षेत्राची वाऱ्याची ओळ दुसऱ्यांदा वाचताना घशात काहीतरी अडकलं आणि शेवटच्या शब्दाचा पार चुथडा झाला. काय करणार? ओळ पुन्हा वाचली. म्हणजे एकूण तीनदा. साहेब खाली फोनवर होते म्हणून वाचले, पण ऐकणाऱ्यांनी ऐकलंच असणार. बस स्थानकावर माझ्या आवाजावरून माणसं घड्याळ लावत, आणि इथे पहिल्याच आठवड्यात ही शोभा.

घरी आले तर हे दारातच उभे. "मध्य क्षेत्राची ओळ तीनदा वाचलीस," म्हणाले.

ठसका लागला असं सांगायची लाज वाटली. मी आपली ऐटीत म्हणाले, "वाचावीशी वाटली, म्हणून वाचली."

वाटलं होतं, आता चेष्टा करतील. पण हे माझ्याकडे नुसते बघत राहिले, मग चपला घालून धक्क्यावर निघून गेले. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. त्या बघण्याचाच मला जास्त राग आला.

रविवार, ७

काही कळेनासं झालंय. आज एकही बोट गेली नाही. सकाळी आकाश स्वच्छ, वारा नावाला, कागदावर मध्य क्षेत्रात "तुरळक गडगडाट" एवढंच. तरी सगळ्या बोटी धक्क्याला बांधलेल्या आणि हे घरात.

"का हो, गेला नाहीत?"

"नाही गेलो."

"का पण?"

"तूच मला विचारतेस?" म्हणाले. आता मी कोणाला विचारू?

दुपारी मात्र नैऋत्येकडून काळं आलं आणि तासभर असं झोडपलं की बंदराच्या छपराचे पत्रे उडाले. कदाचित खिडकीशी उभे राहून "हे एवढं नव्हतं, हे एवढं नव्हतं" असं पुटपुटत होते. कोणी पाण्यावर नव्हतं म्हणून बरं.

संध्याकाळी पुन्हा कामावर जाताना धक्क्यावर दोर वळणारी माणसं मला पाहून उठून उभी राहिली. परत आले तर दारात मासळीची टोपली, कोणी ठेवली पत्ता नाही. सासूबाईंनी चहाचा पहिला कप मला दिला, ह्यांच्या आधी. असं या घरात कधी घडलेलं नाही.

मी खूप विचार केला. स्पष्ट उच्चारांची लोकांना कदर असते, हेच खरं.

शनिवार, १३

कदर गेली खड्ड्यात. काल संध्याकाळी वाचताना माइकवरचा डास सरळ माझ्या तोंडात गेला. मध्य क्षेत्र, वाऱ्याचीच ओळ. थुंकून टाकला आणि पुन्हा वाचली. आणि आज परत तेच, एकही बोट निघाली नाही! दिवसभर समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. धक्क्यावर कोणी उठून उभं राहिलं नाही. एकजण तर तोंड फिरवून बसला.

साहेबांनी बोलावून घेतलं. "तुम्ही लोकांना उगाच घाबरवता अशी तक्रार आहे."

"मी? कशाने घाबरवते?"

"तेच तर कोणी सांगत नाही!" साहेबांना इथे येऊन दोनच वर्षं झालीत. तेही माझ्याइतकेच गोंधळलेले दिसले. "नुसतं म्हणतात, बाई अशा नव्हत्या, हिला काही कळत नाही. हे बघा, एकच करा. कागदावर आहे ते, दोनदा, न अडखळता. बस्स."

घरी ह्यांनी विचारलं, "काल तीनदा का वाचलीस?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणाले. डास गिळता गिळता वाचले, हे सांगायचं? मेले तरी सांगणार नाही.

कानाला खडा लावलाय. रोज मिठाच्या गुळण्या आणि दातात पेन्सिल धरून तासभर मोठ्याने वाचन. सासूबाईंना वाटतंय माझं डोकं फिरलं. पण आता जीभ अडखळेल तर शपथ.

गुरुवार, १८

रोज अगदी लख्ख वाचतेय. एकही चूक नाही. बोटी जातात, येतात, धक्क्यावरचे चेहरे निवळलेत.

आज मात्र जीव थाऱ्यावर नाही. कदाचित उशिरा वर आले, आणि आले ते धाप टाकायचंही विसरून. लांबच्या पाण्याच्या पलीकडे कमी दाबाचं काहीतरी तयार झालंय. एक यंत्र म्हणतं ते उत्तरेला निघून जाईल, दुसरं म्हणतं वळून आपल्या मध्य क्षेत्रात शिरेल. मुख्य कार्यालयाने पहिल्या यंत्राचं ऐकलं. कागदावर आलं, "मध्य क्षेत्र, वारा आग्नेयेकडून, वेग पंधरा ते वीस नॉट, समुद्र मध्यम."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटून काय उपयोग? चौकटीत एकच आकडा बसतो." मग जिन्यावरून वळून म्हणाले, "मी असतो तर उद्या लांब गेलो नसतो." कदाचित म्हणाले नाहीत. तेवढ्यानेच माझं तोंडचं पाणी पळालं.

मी ठरवलं, आज असं वाचायचं की एकेक अक्षर बोटवाल्यांच्या कानात रुतलं पाहिजे. इतकं काळजीने वाचलं तर ऐकणाऱ्याला काळजी कळेल. आणि वाचलं! मध्य क्षेत्राची ओळ दोनदा, सावकाश, एकाही शब्दाला धक्का नाही. इतकं सुरेख मी आजवर कधीच वाचलेलं नाही. काचेपलीकडून साहेबांनी अंगठा दाखवला.

घरी आले तर हे खुशीत. डबे भरताहेत, तेलाचा कॅन बाहेर काढलाय. लांबच्या पाण्यावर जायचं ठरलं, तीन दिवस. "आज काय आवाज लागला होता गं! धक्क्यावर सगळे म्हणाले, आता शंकाच नको."

माझ्या पोटात गोळा आला. कागदावर नसलेलं घरी सांगायचं नाही, असं साहेबांनी बजावलेलं. तरी म्हणाले, "उद्या नका ना जाऊ."

"का?"

"सहज."

हे हसायला लागले. "तू स्वतः दोनदा वाचलंस आणि वर मला म्हणतेस नका जाऊ?"

"दोनदा नाही तर काय दहादा वाचू?" मी उसळले.

हे अजूनच हसले. मला वाटतं, माझ्या नोकरीचं ह्यांना मनातून हसूच येतं. मी न जेवता उठले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

शुक्रवार, १९

सकाळी. हे गेले. भांडण न मिटवताच गेले. सगळ्याच बोटी गेल्या.

आकाशात ढग नाही, झाडाचं पान हलत नाही. आणि तरी बंदरातलं पाणी सावकाश वर येतं, थांबतं, सावकाश खाली जातं. रिकाम्या होड्या त्याबरोबर माना हलवताहेत. वारा नसताना लाटा कुठून आल्या? कदाचितना विचारलं. ते घड्याळ लावून दोन लाटांमधला वेळ मोजत होते. म्हणाले, अशा लांब लांब लाटा इथल्या नसतात, दूर कुठेतरी मोठा वारा सुटतो आणि त्या चालत इथवर येतात. "दूर म्हणजे किती? तो इकडे येतोय की तिकडे चाललाय?" तर नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तेही कळलं नाही.

दुपारचं वाचन व्हायला वेळ आहे. मला घरात बसवत नाही. बाईंकडे जाऊन येते. तीस वर्षं हे काम केलंय, त्यांना काहीतरी सांगता येईल.

संध्याकाळी. आधी सगळं लिहून काढते.

बाईंची खोली बंदरासमोरच, दोरखंडाच्या दुकानावर. उशाशी रेडिओ. आवाज म्हणजे नुसता वारा, त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. मी कोण ते सांगायची गरजच पडली नाही.

"काल मध्य क्षेत्राची ओळ किती वेळा वाचलीस?" त्यांनी विचारलं.

"दोनदा. नियमच आहे ना."

"आणि तुला मनातून काय वाटत होतं?"

"भीती वाटत होती, बाई. खूप भीती वाटत होती."

"मग तिसऱ्यांदा का नाही वाचलीस?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग एकेक शब्द करून सांगितलं. वाऱ्याची ओळ दोनदा वाचली की ती कार्यालयाची. तीनदा वाचली की वाचणारीला धीर नाही, तिला काहीतरी दिसलंय. मग धक्क्यावरच्या बोटी निघत नाहीत आणि निघालेल्या माघारी फिरतात. तीस वर्षं असंच चाललंय.

"पण मला कोणीच सांगितलं नाही!" मी जवळजवळ ओरडले.

"मलाही कोणी नव्हतं सांगितलं. एकदा तीनदा वाचलं गेलं, वादळ आलं, दारात मासळी आली. तेव्हा माझं मी ओळखलं."

मासळीची टोपली. उठून उभी राहिलेली माणसं. चहाचा पहिला कप. तोंडात गेलेला डास. आणि काल हसत हसत म्हटलेलं ते वाक्य, तू स्वतः दोनदा वाचलंस. हे माझ्यावर हसत नव्हते. हे माझ्यावर विसंबून गेले होते. मी पेन्सिल दातात धरून, गुळण्या करकरून, ह्यांना माझ्याच तोंडाने लांबच्या पाण्यावर धाडलं होतं.

बंदर कार्यालयाचा जिना मी कसा चढले ते मला माहीत नाही. दुपारचा कागद आला होता. मध्य क्षेत्र, तोच वारा, तोच वेग, समुद्र मध्यम. कदाचित माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. मी माइक सुरू केला, पंखा बंद केला आणि वाचलं. एकदा. दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, अक्षर न् अक्षर, वेगळं वेगळं. साहेबांनी काचेवर टकटक केली. लाटांची ओळ आली, तीही तीनदा वाचली. नियम मोडायचाच तर नीट मोडावा.

साहेब आत आले. "तिसऱ्यांदा का?"

"ठसका लागला," मी म्हणाले.

"मला तर ठसका ऐकू आला नाही."

"भिंतींना गाद्या आहेत ना," मी म्हणाले. त्यांनी स्वतःच पंखा सुरू केला आणि निघून गेले.

खऱ्या ठसक्याला मी मनातलं म्हणून मिरवलं, आणि आज मनातल्याला ठसका म्हटलं. माझं मलाच कळेनासं झालंय. आपला रेडिओ एकतर्फी आहे. मी बोलते, पण कोणी ऐकलं का, ऐकून फिरलं का, ते कळायला काहीच मार्ग नाही. ह्यांना तर इंजिनाच्या आवाजात रेडिओ ऐकूही येत नसेल. पण वर कोणीतरी ऐकेल ना? का म्हणतील, ही तर मागेही उगाच तीनदा वाचून बसली होती?

शनिवार, २०

सगळ्या आल्या. जवळच्या पाण्यावरच्या कालच दिवेलागणीला आल्या, लांबच्या आज उजाडल्यापासून एकेक करून. ह्यांची सगळ्यात शेवटी. धक्क्यावर सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, माझा दंड घट्ट धरून. बोटीच्या पोटातून तेलाने काळं झालेलं डोकं वर आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चारचौघांत रडले. लाजबिज काही वाटली नाही.

पण वादळ? त्याचा पत्ताच लागत नाही. बंदरावर संध्याकाळी थोडा वारा सुटला, चार थेंब पडले, झालं. उत्तरेला निघून गेलं म्हणतात. लांबच्या पाण्यावर काय झालं ते कोणालाच माहीत नाही, कारण तिथे कोणी नव्हतंच. निम्मे लोक म्हणतात मी वाचवलं, निम्मे म्हणतात बुडवलं. तीन दिवसांच्या मासळीवर पाणी सोडून आलेत बिचारे. दारात आज टोपली नव्हती, आणि असती तर घ्यावी की नाही, हे मला ठरवता आलं नसतं.

कदाचितना विचारलं, "तिथे गेलं होतं का हो ते?"

"कदाचित," म्हणाले. त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

मंगळवार, २३

आज ह्यांना सगळं सांगितलं. ठसका, डास, सगळं. ह्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. मी पान म्हणते, पण तो इंजिनाचा पाना होता, घाईत चुकीचं लिहिलं. खोडत नाही, राहू दे.

"म्हणजे त्या पहिल्या खेपेला तुला काही दिसलं नव्हतं?"

"नुसता कफ होता."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारीही काही दिसलं नव्हतं. तुम्ही पाण्यावर होतात आणि मला भीती वाटत होती. तेवढंच."

मला वाटलं चिडतील. ह्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "मी खाली इंजिनाशी होतो. वरून सुकाणूवरच्या तांडेलाने ओरडून सांगितलं, तुझी बायको तीनदा वाचतेय. मी विचारलंसुद्धा नाही काय वाचतेय."

"पण मला आधीच का नाही सांगितलंत? कोणीच का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मुद्दाम केलं असतंस. मुद्दाम केलेलं कशाला ऐकायचं?"

यात काहीतरी चुकतंय असं मला वाटतं, पण काय ते सांगता येत नाही.

संध्याकाळच्या वाचनाआधी बाईंकडे जाऊन आले. त्यांना विचारलं, "तुम्हाला कसं कळायचं? आकड्यांवरून? लाटांवरून?"

बाई हसल्या. आवाज नसलेलं हसणं, नुसते खांदे हलले. "मला गं काय कळतंय त्यातलं? आमचे हे बोटीवर होते. कधी सकाळी भांडून जायचे, कधी खोकत जायचे. माझ्या पोटात गोळा आला की मी तिसऱ्यांदा वाचायची. घरी आले की बरं वाटायचं."

"आणि ते गेल्यावर?"

"मग बाकीचे होते ना. सगळ्यांची नावं माहीत झाली होती तोवर."

"आणि चुकलं तर?"

"चुकायचंच. चुकलेलं लोक विसरतात. नाही चुकलेलं धरून बसतात."

म्हणजे हे सगळं बंदर तीस वर्षं एका बाईच्या पोटातल्या गोळ्यावर चाललं होतं. हे कोणाला सांगू? सांगावं का? खाली यंत्रं आहेत, नकाशे आहेत, कदाचित आहेत, आणि त्यांनाही माहीत नाही. मग कोणाला माहीत आहे?

गुरुवार, २५

हे आज पुन्हा लांबच्या पाण्यावर गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "तू वाच तुझं."

संध्याकाळी कदाचित कागद घेऊन आले. दोन्ही यंत्रं एकच सांगताहेत, त्यांना स्वतःलाही काही शंका नाही, जिन्यात शीळ घालत होते. साहेब काचेपलीकडे बसले, हात टेबलावर आणि बोटं मोजायच्या तयारीत.

मध्य क्षेत्र, वारा आग्नेयेकडून, वेग दहा ते पंधरा नॉट. पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

आणि मग लक्षात आलं की मी आत्ता ही ओळ अजून एकदा वाचली, तर हे येतील. का म्हणून विचारणारही नाहीत. उद्या सकाळी तेलाने काळं झालेलं डोकं धक्क्यावर असेल, आणि त्यांच्याबरोबर सगळ्यांचीच. नुसतं तोंड उघडायचं. ओळ ओठांवर आली होती. पोटात गोळाही होता, खोटं कशाला लिहू. पण तो वाऱ्याचा होता की नुसता बायकोचा, ते मला ठरवता येईना. आणि ते ठरेपर्यंत तरी तीनदा वाचायचा मला हक्क नाही.

मी दक्षिण क्षेत्रावर गेले. तेवढ्यात घशात खरंच खवखवायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. श्वास धरून उरलेल्या ओळी दोनदा दोनदा पुऱ्या केल्या. मग माइक बंद केला, पंखा लावला आणि पोटभर खोकून घेतलं.

घरी सासूबाई रेडिओशेजारीच बसल्या होत्या.

"दोनदाच वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"दोनदाच."

"मलाही वाटलं होतं, तिसऱ्यांदा वाचशील," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी जेवायला बसलो.